जुनी रुसायची, नवी बटणावर चालते

४ फेब्रुवारी, सकाळ
रोजनिशी सुरू. सांगते मी, लिहिते सून. त्यामुळे सुनेबद्दल एक अक्षर नाही. मुलानं नवी गाडी आणली. जुनी, आमच्या ह्यांची, भंगारात काढायची म्हणतो. म्हणे बंद पडलीय. हे गेल्यापासून तिला कुणी हात लावला नाही. बंद कसली, रुसलीय. संकल्प: चालू करून दाखवायची, म्हणजे विकायचं नाव निघणार नाही. मला गाडीचा मोह नाही. पोराला धडा शिकवायचा, एवढंच.

६ फेब्रुवारी
नवीत बसून पाहिलं. बटण दाबलं की चालू. इतक्या पटकन हो म्हणणाऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा? जुनीसाठी हे पुढे वाकून हँडल फिरवायचे, मी आत बसून पेडल दाबायची. दोघं लागायचो. शिवाय पट्टा लावला नाही तर नवी ओरडते. म्हटलं, घरात एक सासू पुरे होती. हे वाक्य सुनेनं फार हौसेनं लिहिलं.

९ फेब्रुवारी
मेकॅनिक आला. बॉनेट उघडलं. म्हणाला, आजी, हिचे पार्ट मिळत नाहीत. म्हटलं, माझे तरी कुठे मिळतात? लागला कामाला. ड्रायव्हरच्या सीटला ह्यांच्या बसण्याचा खळगा पडलाय. तोही भरून देऊ का, विचारत होता. चहा दिला नाही.

१५ फेब्रुवारी, दुपार
चालू झाली! धूर एवढा की शेजारीण पाण्याची बादली घेऊन धावली. दोन्ही गाड्या दारात शेजारी शेजारी. नवी बिचारी तोंड पाडून उभी. मुलानं जुनीचे फोटो काढले, चारी बाजूंनी. वाटलं एकदाचं कौतुक पोराला.

१८ फेब्रुवारी
मुलानं मोबाईलवर टाकलेले फोटो बघून एक हॉटेलवाला आला, हॉटेलच्या दारात शोभेला जुनी गाडी हवी म्हणे. मी जुनीचे सगळे गुण सांगितले, वर नवीची उणीदुणी काढली. म्हटलं, मुलगा ऐकतोय, त्याच्या डोक्यात शिरेल. शिरलं हॉटेलवाल्याच्या. व्यवहार ठरला. मुलगा म्हणाला, आई, भंगारात जायची होती, तुझ्यामुळे चांगल्या घरी पडली. म्हटलं, माझा बेत हाच होता.

१९ फेब्रुवारी
नेली. हॉटेलवाला खळग्यात उशी घालून बसला. मेकॅनिकनं स्टार्टर बसवलाय, त्यामुळे हँडल लागलं नाही, पेडलवर माझा पाय लागला नाही. किल्ली फिरवली आणि निघाली. माझ्यासाठी थोडी तरी अडून बसेल असं वाटलं होतं. जेवण गेलं नाही. पित्त असेल.

२१ फेब्रुवारी
नव्या गाडीतून डोळ्यांच्या डॉक्टरकडे. खोट काढायचीच, असं ठरवून बसले. धक्के नाहीत. आवाज नाही. सीट पाठ शेकून देते, दार एका बोटानं लागतं. सगळा रस्ता शोधलं. एक खोट सापडली नाही. सून म्हणाली, मग काय लिहू, आई? म्हटलं, लिही, छान आहे. आणि तो रुमाल दे इकडे.