साक्षीदार रिटा गैरहजर असल्याबाबत

दिनांक : १४ जुलै २०२५

प्रति,
मा. अपील अधिकारी,
जलचर परवाने व तपासणी कक्ष,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : गंगापूर मासळी बाजारातील ओटा क्र. ७ श्रीमती मनकर्णाबाई यांना परत मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाने श्रीमती रिटा यांना काढलेल्या तीन नोटिसा.

महोदय,

हा प्रकार सन २०२४ मधला. अर्जदार उमा केशव जिंतूरकर, वय ७७, निवृत्त विज्ञान शिक्षिका, आदरपूर्वक कळवते की, त्या वर्षी ऑगस्टमध्ये आपले तपासणी अधिकारी श्री. विश्वजित बाजारात आले आणि कायगावच्या मनकर्णाबाईंच्या ओट्यापुढे थांबले. ओट्यावर घोगरे होते. घोगरा हा मोठ्या नद्यांच्या तळाशी राहणारा, मिशांचा, बिनखवल्यांचा मासा. साहेबांनी तो बंदी घातलेला विदेशी मांगूर ठरवला. मनकर्णाबाई म्हणाल्या, "सायेब, ह्यो घोगरा हाये. पाठीवरचा काटा तर बघा. मांगुराला असला काटा नसतो." साहेब म्हणाले, "मिशा आहेत ना? मग मांगूरच." बाई म्हणाल्या, "मिशा तर तुमाला बी हायेत, सायेब." बाजार हसला. साहेबांनी सगळे घोगरे चुना टाकून पुरायला लावले आणि परवाना निलंबित केला.

मनकर्णा ही अर्जदाराची विद्यार्थिनी. धरणाचे पाणी चढण्यापूर्वी कायगावला डोहाचा तळ दिसत असे, तेव्हाची ही गोष्ट. चौथीतली मनकर्णा डोळे मिटून, नुसत्या बोटांनी मासा ओळखायची. शिकवण्याचा पगार अर्जदार घेत होती. मासे मात्र तीच त्या मुलीकडून शिकली. त्या काळी साधा तलाठीसुद्धा बांधावर गेल्याशिवाय बांधाबद्दल बोलत नसे. आता अधिकारी हात खिशात ठेवून मासे ओळखतात, याचे कौतुक कुठे नोंदवावे हे अर्जदारास कळत नाही. नवरा वारल्यापासून मनकर्णाचे घर त्या ओट्यावर चालत होते.

म्हणून अर्जदाराने आपल्या कक्षाकडे लेखी खुलासा दिला. त्यात लिहिले की, घोगऱ्याच्या प्रजातीला शास्त्रात 'रिटा' म्हणतात, रिटा गोदावरीत राहते, आणि रिटाची एकदा ओळख पटली की सारा प्रश्न मिटेल. आपल्या लिपिक सुलेखाबाईंनी त्यावरून 'श्रीमती रिटा, मु. गोदावरी, ता. गंगापूर' यांना आधार कार्डासह साक्षीस हजर राहण्याची नोटीस काढली. ती टपालाने परत आली. शेरा : पत्ता अपूर्ण. अर्जदार समक्ष भेटून म्हणाली, "बाई, रिटा मासा आहे." सुलेखाबाई म्हणाल्या, "असेल हो मॅडम, आडनाव काय?" दुसरी नोटीस गेली. तिच्यात आडनाव 'मासे' घातले होते.

तिसऱ्या नोटिशीच्या तारखेस अर्जदार जिवंत घोगरा बादलीत घालून, शेअर जीपने, आपल्या कक्षात आली. शिपाई कडुबा यांनी पुकारा केला, "रिटा मासे हाजीर होऽऽ!" अर्जदाराने बादली टेबलावर ठेवून सांगितले, "हजर आहे." श्री. विश्वजित म्हणाले, "हा तर मांगूर." आणि दाखवण्यासाठी त्यांनी मासा पाठीकडून धरून उचलला. काटा तळहातात रुतला. साहेब ओरडले, मासा परत बादलीत पडला, आणि कडुबा म्हणाले, "आता पटली का वळख, सायेब?"

त्या दिवशीच्या नोंदीत आपल्या कक्षाने लिहिले : "साक्षीदाराने ओळखपत्र सादर केले नाही. अधिकाऱ्यास दुखापत केली. प्रश्नांची उत्तरे देण्यास नकार दिला. सबब साक्षीदार गैरहजर समजून परवाना कायमचा रद्द." अर्जदाराने चौतीस वर्षे नापास मुले पाहिली. उत्तर हातात टोचल्यावरही चूक लिहिणारा विद्यार्थी मात्र तिला आपल्याच कक्षात भेटला.

त्यानंतर कोणाचे काय झाले, हे आपल्या दप्तरी नसणार, म्हणून कळवते. श्री. विश्वजित यांना तीन टाके पडले, कर्तव्यावर जखमी झाल्याची भरपगारी रजा मिळाली, आणि सध्या ते नव्या निरीक्षकांना 'मासे ओळख' हा विषय शिकवतात. सुलेखाबाईंना बढती मिळाली. कडुबा निवृत्त झाले; त्यांनीच सुनावणीच्या दिवशी संध्याकाळी अर्जदारासोबत येऊन बादलीतला मासा कायगावला नदीत सोडला. ओटा क्रमांक सात आपल्या कक्षाने एका व्यापाऱ्यास दिला. तो तिथे खरा मांगूर विकतो आणि वर पाटी लावतो, 'गावरान घोगरा'. परवाना काचेत मढवून टांगलेला आहे. शिक्का आपलाच.

मनकर्णाबाई त्याच ओट्याखाली पाटावर बसून त्याचे मासे साफ करून देतात. गेल्या आठवड्यात अर्जदार तिथे उभी होती. एका गिऱ्हाइकाने विचारले, "मावशे, घोगराच ना?" मनकर्णाने वर पाहिले, अर्जदार तिला दिसली. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "व्हय."

तो शब्द तिला पुन्हा उच्चारावा लागू नये, एवढ्याच कारणासाठी ओटा क्रमांक सात तिला परत द्यावा.

आपली, नियमानुसार नम्र,

(सही)
उमा केशव जिंतूरकर
सिडको, छत्रपती संभाजीनगर