अठ्ठेचाळीस ब्रॅकेट आणि एक जड फाइल

सोमवार, ३ मार्च. सकाळी ९.१०
फाइल उघडतो आहे. क्लिक ८.४७ ला केलं होतं.

ब्रॅकेटच्या मापांचा तक्ता आहे. एका ओळीत ब्रॅकेटचा एक प्रकार: लांबी, जाडी, भोक. तक्त्यात आकडा बदलला की डिझाइनच्या फाइलीतलं माप आपोआप बदलतं. तक्ता माझ्याकडे आल्यापासून १६० एमबीचा झाला आहे. काम वाढलं की वजन वाढणारच.

गिऱ्हाइकाने एका प्रकारचं भोक १४ मिलिमीटरचं १२ केलं आहे. शुक्रवारी अठ्ठेचाळीस ब्रॅकेट कापून जायचे. साहेब म्हणाले, माल वेळेवर गेला तर सोमवारी तुझं कायम केल्याचं पत्र काढू. मी घाबरलेलो नाही.

दुपारी १.३०
शेजारच्या टेबलावरच्या मॅडम इथे अकरा वर्षं आहेत. त्यांनी विचारलं, तक्त्यात काही केलंस का. म्हटलं, फक्त शिस्त लावली. एक ओळ निळी, एक पांढरी, सगळ्यांना चौकटी, अगदी शेवटपर्यंत. शेवटपर्यंत म्हणजे कुठपर्यंत रे, असं त्या म्हणाल्या. मी म्हणालो, मला अर्धवट काम आवडत नाही. त्या चहाला निघून गेल्या.

मंगळवार, ४ मार्च
निदान झालं. दोष कॉम्प्युटरचा आहे. साहेबांना त्रास नको म्हणून रॅम स्वतःच विकत आणली. ताईकडून तीन हजार घेतले. ऑफिसच्या मशीनला तुझे पैसे कशाला, असं तिचं म्हणणं. ती दवाखान्यात पेशंटचे नंबर लावते, तिला यातलं काय कळणार.

रॅम बसवल्यावर: तेवीसऐवजी एकवीस मिनिटं. प्रगती आहे.

बुधवार, ५ मार्च. दुपारी ३.४०
धोका नको म्हणून तक्त्याची एक प्रत त्याच फाइलीत दुसऱ्या पानावर ठेवली, रंगांसकट. आता ३२० एमबी. भोक १२ टाइप केलं आणि सेव्ह दाबलं. जेवून आलो, तोंड धुऊन आलो, तरी गोल फिरतच होतं. आत्ता सेव्ह झालं.

कटिंगवाल्या काकांचे दोन फोन. मशीन तुझ्यासाठी अडवून ठेवलंय म्हणतात. मी उद्याचा शब्द दिला. हात थोडे गार पडले आहेत, ते एसीमुळे.

गुरुवार, ६ मार्च. सकाळी १०.०५
जिंकलो!

मूळ दुखणं पसाऱ्याचं होतं. तक्ता 'मुख्य' नावाच्या नव्या फोल्डरमध्ये हलवला आणि ब्रॅकेटची फाइल उघडली. नऊ सेकंद! मध्ये एक चौकट आली होती: तक्ता सापडत नाही, आधी सेव्ह केलेली मापं वापरायची का? सेव्ह मी कालच केलं होतं. हो म्हटलं. 'पुन्हा विचारू नका' यावरही टिक केली.

मॅडम म्हणाल्या, पाठवण्याआधी भोक एकदा मोजून घे. तक्त्यात १२ मी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे, मोजायचं कशाला? १०.२० ला फाइल काकांकडे गेली. पत्र कुठे ठेवायचं ते ठरवून टाकलं: कपाटात, वरच्या कप्प्यात.

शुक्रवार, ७ मार्च. सकाळी ११.२०
काकांचा फोन. "बाळा, बोल्ट भोकात खुळखुळतोय. सगळे तपासले, सगळे चौदाचे. लहान असतं तर मोठं करून दिलं असतं. मोठं भोक लहान कसं करू, सांग."

मी म्हणालो, तक्त्यात १२ आहे. ते म्हणाले, "मी तक्ता कापत नाही रे."

दुपारी ४.००
मॅडम माझ्या खुर्चीत बसल्या. दोन बटणं दाबून तक्त्याच्या शेवटच्या ओळीवर गेल्या. दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर. ब्रॅकेट साठव्या ओळीत संपतात. "एवढ्या खाली कोण येणार होतं रे बघायला?"

खालच्या ओळी काढल्या, दुसरं पान काढलं, तक्ता जुन्या जागी ठेवला. "तू तक्ता हलवलास, म्हणून डिझाइनच्या फाइलीने तिच्यातलं जुनं १४ च धरलं." चार मिनिटं. फाइल ९० केबीची झाली. भोक आपोआप १२ झालं.

नवा पत्रा मंगळवारी येतो. गिऱ्हाइकाशी साहेबच बोलले, दार लावून. नंतर मला म्हणाले, पत्राचं सप्टेंबरमध्ये बघू. म्हणजे पत्र नक्की आहे, महिना तेवढा बदलला.

हिशेब.
रॅम: ४,२००. डबा फोडला म्हणून दुकानदार परत घेत नाही.
ताईचे देणे: ३,०००.
वाया गेलेला पत्रा, पगारातून तीन हप्त्यांत: १८,६००.
एकूण देणे: २१,६००.
बेरीज कागदावर दोनदा केली. तेवढीच येते.