माझी गोधडी परत द्या, वन्सं

श्री भैरोबा प्रसन्न
मु. काटेवाडी

तीर्थरूप चंद्रावन्संस्नी धाकट्या भावजयीचा, प्रयागचा, वाकून नमस्कार (कंबर वाकत न्हाय, कागदावर वाकले असं समजा). हितं समदी बरी हायत. तुमचं गुडघं, तुमची शुगर आन् तुमची सून कशी हाय ते कळवा. तिघांत जे जास्त दुखत असंल ते आधी लिवा.

फोन का केला न्हाय म्हणाल. तुमी फोन मोठ्यानं लावून ओसरीवर ठेवता आन् इंदापूरची सगळी आळी ऐकती. हे बोलणं दोघीतलं हाय, म्हणून तिसरी यत्ता शिकलेली मी तीन दिवस बसून लिवती. सरळच इचारती. माझी गोधडी कुठं हाय?

तुमी धाडलेलं गाठोडं सोमवारी पोचलं. वरचं फडकं माझं, गाठसुदिक मी मारलेलीच. आतली गोधडी माझी न्हाय.

तुमाला सगळं ठाऊक हाय, तरी लिवती, उद्या म्हणू नका की मला म्हाईत नव्हतं. आपल्या वृषालीचं लग्न एकवीस तारखेला. नात येकुलती, मी इचारलं, बाई, तुला आहेर काय करू? तर म्हणाली, आजी, मला मिक्सर नको न् फ्रिज नको, तुझ्या हातची गोधडी दे. (पुण्याला कंपनीत आधी गार वारं लावून घ्यायचं, मग पांघरूण शोधायचं. हे आमच्या पोरीचं शिक्षण.) मी दिवाळी झाल्या झाल्या बसले. अर्धी झाली आन् बारामतीच्या डॉक्टरनं उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डावा नंतर काढतो म्हणाला. म्हयनाभर चुलीपाशी जायचं न्हाय आन् सुईला हात लावायचा न्हाय. मग अर्धी गोधडी ठेवायची कुठं? घरात ठेवली असती तर आमच्या सूनबाईनं, रश्मीनं, मशिनीत घातली असती. तिला कापड दिसलं की मशीन आठवतं. येकदा माझी पानाची चंची धुतली, तर आठ दिवस घरातली सगळी माणसं काताच्या रंगाचे सदरे घालून फिरत व्हती. म्हणून ईश्वासानं तुमच्याकडं धाडली.

आता माझी गोधडी कशी व्हती ते ऐका. काठ हिरवागार, माझ्या बारशाच्या लुगड्याचा. (दादासाहेबाच्या बारशाला माहेरनं आलेलं लुगडं, माझं बारसं न्हवं.) मधी तुमच्या भावाचं पांढरंशिप्पट धोतर, अख्खं, डाग न्हाय. ते जाऊन सहा वरसं झाली, धोतर काय करायचंय आता. आन् टाका असा, की मुंग्या साखरेला निघाल्यात, येकीमागं येक, कुणी रांग मोडत न्हाय. ह्या हातानं घातला आन् ह्या डोळ्यांनी बघितला.

आन् तुमी काय धाडलं? काठ निळा. टाका असा, की बैल बुजल्यावर नांगरट व्हती. येक टाका हिकडं तर दुसरा थेट पलीकडच्या बांधाला. आन् धोतराच्या जागी, वन्सं, पिवळ्या अक्षरांचं कापड! मी बोट ठेवून ठेवून वाचलं : लाळ-खुरकूत लसीकरण शिबिर, आपली जनावरे वेळेवर आणावीत. अहो, ही नवरीची गोधडी हाय. नवा जावई पहिल्यांदा अंगावर घेणार आन् छातीवर काय वाचणार? आता सांगा, दूध डेरीत कोण हाय? तुमचा लेक सोमनाथ. मग हे कापड कुणाच्या घरातलं? मी तिसरी शिकले, पण येवढं गणित येतं.

उगं बोलत न्हाय. आधी घरात इचारलं. रश्मी म्हणती, आई, हीच तुमची. ती तुमच्या बाजूची, ते ठाऊकच व्हतं. दादासाहेब म्हणतो, गोधडी गोधडीसारखीच दिसती. पोरगं बापावर गेलंय, बापालाबी काठ कुठला आन् मधलं कुठलं कळत नव्हतं. मग शेजारच्या रंगूबाईला हाक मारली. तिनं गोधडी उलटीसुलटी केली न् म्हणाली, प्रयागे, टाका तुझाच गं बाई, आख्ख्या काटेवाडीत असा टाका दुसरी कोण घालणार? मी दिवसभर खूश व्हते. संध्याकाळी वाटाय लागलं, ही काय म्हणून गेली?

डोक्याचा भुगा झालाय वन्सं. डोळा उघडल्यापासून घरात कुणी काय काय बदललंय ते बी कळंना. भिंती पिवळ्या व्हत्या त्या पांढऱ्या निघाल्या. मला न इचारता रंग काढला म्हणून भांडले, तर म्हणतात चार वरसं झाली. आरसासुदिक बदललाय, त्यात भलतीच म्हातारी उभी असती. पण भिंत न् आरसा मला कुणाला द्यायचा न्हाय, गोधडी द्यायचीय.

तवा तुमची तुमी घ्या, माझी मला द्या. येत्या गुरुवारपतोर कुणाच्या तरी हाती धाडा. न्हाय आली तर मांडवात चार माणसांदेखत इचारीन, मग तोंड लपवायला पदर पुरायचा न्हाय.

कागदाच्या शेवटाला माया लिवायची असती. ती गोधडीबरूबर येऊ द्या.

तुमची भावजय,
प्रयाग

ता.क. पाकीट चिकटवायच्या आत वृषाली आली, शनवारी. तिला गोधडी दावली न् म्हटलं, बघ तुझ्या आत्याआजीनं काय केलं. पोरगी खाली बसून हसाय लागली. मग उठली आन् माझ्या उजव्या डोळ्यावर हात ठेवला. म्हणाली, बघ आता. बघते तर काय, काठ हिरवा, धोतर पांढरं, मुंग्या आपल्या रांगेत! मी वरडले, आली गं, माझी आली! मग तिनं हात डाव्यावर ठेवला. तुमची आली. परत उजव्यावर, माझी. असं धा येळा केलं. डाव्यानं बघितलं की माझी, उजव्यानं बघितलं की तुमची, आन् पोरगी म्हणती गोधडी येकच हाय. देवानं दिलेला डोळा खोटा आन् बारामतीत दुरुस्त केलेला खरा, हे मला अजून पटत न्हाय. ते लसीचं कापड तुमच्या भावानंच शिबिरातनं आणून धोतरांत ठेवलं व्हतं, असं दादासाहेबाला आता आठवलं. म्हंजे चूक तुमच्याच माहेरची. वरचं लिवलेलं खोडत न्हाय, तीन दिवस लागल्यात. गोधडीपुरतं मागं घेतलं असं समजा.

आणखी ता.क. मी म्हटलं सगळी उसवती. वृषाली म्हणाली, हात लावायचा न्हाय, मला हीच पायजे, जनावरांसकट. पण अर्धी राहिलीया वन्सं, आन् दिवस बारा. खरं सांगती, कुणाला बोलू नका. सोमवारपास्नं येक टाका घातला न्हाय मी. डाव्यानं सुई ओवत न्हाय, आन् उजव्यानं माझाच टाका दिसतो न् हात थांबतो. काल नातवाचं, अजितचं, लहानपणीचं दुपटं काढून बघितलं, तुमी शिवलेलं. बावीस वरसं मी त्याच्या टाक्याला वाकडं म्हणत आले. सरळ हाय.

तवा तुमी या. रश्मीला सांगा हळदीच्या तयारीला आले, मी बोलावलं म्हणू नका. तुमची सुई आणा. फकस्त येक ध्यानात ठेवा, राहिलेली अर्धी सरळ घालू नका, जोड दिसंल. माझ्यावाणी घाला. न्हाय जमलं तर मी बसते शेजारी, शिकवीन.