पोशीरच्या घराची, जमिनीची आणि एका नात्याची व्यवस्था

मी, येसूबाई मालोजी ओव्हाळ, वय अठ्ठ्याहत्तर, धर्म बौद्ध, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार मु. पो. पोशीर, ता. कर्जत, जि. रायगड, माझ्या मिळकतीबद्दल आणि मागे राहणाऱ्या माणसांबद्दल हे शेवटचे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. साखरेच्या गोळ्या चालू आहेत, डाव्या डोळ्याने धूसर दिसते, पण कोणाला काय द्यायचे आणि कोणाला नाही, ते अजून स्वच्छ दिसते. मला कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. मसुदा कर्जतच्या वकील निवेदिता प्रधान यांनी तपासला. भाषा माझी आहे. त्यांनी बरेच खोडायला सांगितले, मी थोडे खोडले.

हे आत्ताच लिहिण्याचे कारण असे. माझा मयत भाऊ धर्माजी रोकडे याची मुलगी मेघा कॅनडात विनिपेग शहरी परिचारिका आहे. म्हाताऱ्यांच्या आश्रमात नोकरी करून तिने तिकडचा कायमचा रहिवास मिळवला, तो मला घेऊन जाता यावे म्हणून. तसा अर्जही तिने केला आहे. जाणे होईल की नाही, ते आज ठरलेले नाही. मी इकडे मेले किंवा तिकडे मेले, तरी हाच कागद लागू व्हावा.

कलम १. माझे पती मालोजी वारले. आम्हाला मूल झाले नाही. धर्माजी रसायनीला कंपनीत होता, मोहोपाड्याला राहायचा. तो आणि त्याची पत्नी सुंदरा चौक गावाजवळ जुन्या हायवेवर मोटारसायकलवरून जाताना ट्रकखाली गेले. मेघा तेव्हा दोन वर्षांची होती आणि त्या दिवशी माझ्याकडे होती. ती माझ्याकडेच राहिली. मालोजी म्हणत होते, रीतसर दत्तक घे. मी घेतले नाही. दत्तक घेतली असती तर तिच्या नावामागून धर्माजी गेला असता, आणि भावाचे जगात तेवढेच उरले होते. हे कारण मला आजही बरोबर वाटते. त्याचा त्रास कुठे झाला ते शेवटच्या कलमात येईल.

कलम २. पोशीरचे राहते घर, पडवी आणि मागच्या बांधासह, मी मेघाला देते. मालोजींचा पुतण्या रुपेश ओव्हाळ याचा या घरावर काडीचा हक्क नाही. हे घर मी माझ्या पगारातून बांधले. रुपेश दरवर्षी पाया पडायला येतो आणि जाताना भिंती बघून जातो. "काकी, ती पोर तुमची कोन लागते ओ? कागदावर तर कोनच नाय," हे त्याचे वाक्य मी ऐकत आले आहे. तरीही अंगणाच्या कडेला टेंपो लावायची त्याला मुभा आहे. आंब्याखाली लावू नये, पाने काचेवर पडतात म्हणून त्याने एकदा फांदीच उतरवली होती.

कलम ३. ओढ्याकाठचे भाताचे खाचर मेघाच्या नावे होईल, परंतु माझ्यासाठी ते कसणारी मंगळी जिवंत आहे तोवर तीच ते लावील आणि पीक तिचेच राहील. मंगळीने माझे गुडघे जायच्या आधीपासून त्या खाचराची काळजी घेतली आहे. तिला कोणी "बाई, आता पुरं" म्हणू नये. बियाण्याची कणगी, इळे आणि पाटी-फावडी तिला द्यावीत. नांगर मोडका आहे, तो रुपेशने न्यावा. त्याला मोडके दुरुस्त करून विकता येते, हा त्याचा गुण मी मान्य करते.

कलम ४. माझी सोन्याची बोरमाळ मेघाला, कोणतीही अट न घालता. ती मी तिच्या लग्नासाठी ठेवली होती. मोहोपाड्याचा कपिल नावाचा मुलगा तिच्यासाठी बरीच वर्षे थांबला होता. चांगला होता, माझ्या हातची भाकरी मागून खायचा. पण कॅनडाचा नियम असा आहे की रहिवाशाला आईबाप बोलावता येतात, आत्या सहसा नाही. ज्याला नवरा-बायको नाही, मूल नाही, आईबाप, आजीआजोबा कोणी नाही आणि तिथे जवळचे नातेवाईकही नाहीत, अशालाच आत्यासारखे एखादे माणूस नेता येते. मेघाने मला हे सांगितले नव्हते. कपिलच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा सांगितले. मी तिला शिव्या दिल्या. ती म्हणाली, "झालं ना आता? मग तू साडी नेसून जा लग्नाला." मी गेले. जेवण बरे होते.

शिलाई यंत्र विहारातल्या महिला मंडळाला. टीव्ही ज्याला हवा त्याने न्यावा.

कलम ५. इकडे मेले तर पांढरी साडी, त्रिशरण-पंचशील आणि गावातल्या विहारातले लोक, एवढे पुरे. रुपेशने पुढे होऊन रडू नये. मेघाने धावपळ करून येऊ नये, विमान पोचेपर्यंत सगळे उरकलेले असते. तिकडे मेले तर तिकडेच जाळावे, इकडे काही पाठवू नये. बर्फात कसे जाळतात ते मला माहीत नाही, ती बघून घेईल. ती रोज तेच बघते.

कलम ६. हे कलम निवेदिताबाईंच्या सल्ल्याने घातले आहे आणि याची प्रत मेघाच्या तिकडच्या वकिलाला जाणार आहे.

नियमात बसण्यासाठी मेघाने लिहून दिले की तिला आई नाही, बाप नाही, कोणी नाही. धर्माजी आणि सुंदराचे मृत्यूचे दाखले मीच काढून पाठवले. मग कॅनडाच्या कचेरीने मला मुलाखतीला मुंबईला बोलावले. आदल्या दिवशी मेघाने फोनवर माझ्याकडून "भाची" हे उत्तर घोकून घेतले होते. आयुष्यभर पोरांकडून पाढे घोकून घेणारी मी, मुकाट्याने म्हणत होते.

मुलाखतीला दुभाषी बाई होत्या, मराठी, बोलायला गोड. त्यांनी विचारले, "मेघा तुमची कोण?"

मी म्हटले, "लेक."

त्यांनी समोरचा कागद पाहिला. "म्हणजे तुमची स्वतःची मुलगी?"

मी म्हटले, "मग काय शेजारची?"

घोकलेले मी विसरले नव्हते. ते तोंडात आलेच नाही. आमच्याकडे सांभाळलेल्या पोरीला दुसरे काही म्हणत नाहीत.

महिन्याभराने कचेरीने खुलासा मागितला. आई जिवंत असेल तर मेघाने दिलेली माहिती खोटी, आणि माहिती खरी असेल तर मी खोटी. खुलासा पटला नाही तर खोटेपणाचा शेरा बसेल आणि काही वर्षे अर्जच करता येणार नाही. माझ्याकडे तेवढी वर्षे नाहीत. मेघाचा फोन आला.

"आये, काय बोललीस गं तिथं?"

"लेक बोलले."

"आगं, मी लिवून दिलंय ना त्यांना, मला आई नाय म्हनून!"

"ठावं हाय मला. दाखलं मीच काढलं."

मग म्हणाली, "आजपासून मी तुला आत्याच म्हननार. तुला सवय व्हायला पायजे. तू बी मला भाची म्हन."

तेव्हापासून ती व्हिडिओवर आत्या म्हणते. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी मागे वळून पाहिले, कोण आले आहे ते. आता वळत नाही. माझ्यासोबत शाळेत असलेल्या द्वारकाबाईंनी विचारले, वाईट वाटते का. मी प्रामाणिकपणे विचार केला. दात काढताना हिरडीला भूल देतात तसे आहे. आत काहीतरी चालले आहे एवढे कळते.

नाते सिद्ध करायला नातेवाइकाचे प्रतिज्ञापत्र लागत होते. मेघा माझी मुलगी नाही, असे रुपेशने आनंदाने लिहून दिले. माझे काम त्याने वेळेवर केले असे प्रथमच झाले, म्हणून त्याचे आभार.

सबब, खालील साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून मी जाहीर करते की, मेघा ही धर्माजी आणि सुंदरा रोकडे यांची मुलगी आहे. तिला सुंदराने जन्म दिला. मी तिला दत्तक घेतलेले नाही. तिचे जेवणखाण, शाळा, नर्सिंगचे शिक्षण आणि आजारपणे मी पाहिली, ती आत्या या नात्याने. मुलाखतीत मी जे बोलले ते चुकीचे होते आणि त्यात मेघाचा काही दोष नाही. ती मला आये म्हणायची, ते लहान होती म्हणून. मेघा माझी मुलगी नाही. मी तिची आई नाही आणि कधी नव्हते. हे मी पूर्ण शुद्धीवर लिहिले आहे. यात यापुढे मी बदल करणार नाही आणि कोणी विचारले तर हेच सांगेन.

(सही)
येसूबाई मालोजी ओव्हाळ

साक्षीदार:

१. द्वारका हरी फाटक, निवृत्त शिक्षिका, कर्जत. येसूबाईंनी वरील मजकूर आमच्यासमोर वाचला व सही केली. शेवटचे कलम त्यांनी कुठेही न थांबता वाचले. (सही)

२. डॉ. अनुपम वैद्य, नेरळ. मी आज त्यांना तपासले असून त्या पूर्ण शुद्धीवर आहेत. (सही)

ठिकाण: कर्जत
दिनांक: १४ जुलै २०२५