निष्कर्ष सकारात्मक हवा

३ मार्च २०२५, सोमवार
आजपासून नो तडजोड. बी.एड.च्या छप्पन्न छात्राध्यापकांचे कृतिसंशोधन अहवाल टेबलावर आहेत. अक्षरन् अक्षर वाचणार. यंदाच्या पोरांच्या शैक्षणिक लेखनाचा दर्जा पार घसरलाय. सांगलीच्या चर्चासत्रात याच विषयावर माझा पेपर आहे. तो गाजला की मूल्यमापन समन्वयकपद माझंच. प्राचार्या चारुलता मॅडम तसं सूचक हसल्याही.

४ मार्च, दुपारी ४
छप्पन्न तपासून पूर्ण! अनुभवी नजरेला मुखपृष्ठ, ऋणनिर्देश आणि निष्कर्ष पुरतात. मधलं सगळीकडे सारखंच. तिघांनी माझ्याआधी शिपायाचे आभार मानलेत. प्रत्येकी पाच गुण वजा.

एकच अहवाल परत केला. अंकिताचा, कुंडल गावची मुलगी. निष्कर्षात लिहिते, 'सहा आठवडे उपक्रम राबवला, मुलांच्या वाचनात फरक पडला नाही.' बावीस वर्षांच्या नोकरीत असला निष्कर्ष पाहिला नाही! उपक्रम राबवला की प्रगती होते, हे शास्त्र आहे. लाल शेरा मारला: निष्कर्ष सकारात्मक हवा.

६ मार्च
अंकिता येऊन गेली. म्हणाली, "सर, न्हाईच पडला फरक, तर लिवू काय? का न्हाई पडला ते चौथ्या प्रकरणात लिवलंय, तेवढं वाचा की." उद्धट. मी शांतपणे समजावलं की नापास झालीस तर पलूसच्या शाळेतली कबूल झालेली जागा जाईल. धमकी नव्हे, मार्गदर्शन. डोळे पुसत गेली. मलाही वाईट वाटलं, पण दर्जा म्हणजे दर्जा.

९ मार्च, रविवार
पेपर आज लिहायचाच. सकाळी चष्मा सापडेना. दुपारी आडवं पडून चिंतन, साडेपाचपर्यंत. शेवटी मोबाईलमधल्या एआयकडून लिहून घेतला. विचार माझेच, शब्द फक्त त्याचे. दुसऱ्याचं उचलणाऱ्या छात्राध्यापकांवर त्यात कडक टीका आहे.

१२ मार्च
अंकिताने नवा अहवाल दिला. चाळीस मुलं, चाळीसही प्रगत! रंगीत आलेख. ऋणनिर्देशात माझ्यावर अख्खं पान. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस दिले. माणूस घडवणं म्हणतात ते हेच. सांगलीत नमुना म्हणून हाच दाखवणार.

१५ मार्च, शनिवार. सांगली
पडद्यावर आलेख झकास दिसला. मग मागून एक गृहस्थ उठले. आप्पासो, अंकिताने जिथे उपक्रम घेतला त्याच शाळेचे मुख्याध्यापक. म्हणाले, "आवं सर, आमच्या सातवीचा पट अकरा हाय. ही चाळीस पोरं कुठनं आणली तुमी?"

हशा. संशोधनात अशा किरकोळ तांत्रिक तफावती राहतात, असं मी सांगितलं. त्यावर जास्त हसले. वर आप्पासो म्हणतात, "पोरीनं पयला लिवलेला आमी वाचलाय. त्यो का न्हाई दावला?"

येताना जेवलो नाही.

१७ मार्च
समन्वयकपद नाही. मला जिमखाना. सगळं राजकारण. अंकिताचे गुण मॅडमनी रोखलेत. तिचा पहिला अहवाल माझ्या लेखी अभिप्रायासह उद्या हवा, नाहीतर तिची जागा जाते. म्हणजे हेही माझ्याच डोक्यावर.

१८ मार्च
अभिप्राय लिहायचा म्हणून मॅडमनी मागवून दिलेल्या पहिल्या अहवालाचं चौथं प्रकरण उघडलं. अकरांतली सात मुलं वाचतच नव्हती, पाठ म्हणत होती. अंकिताने पुस्तक मिटलं तरी ती थांबली नाहीत. सहा आठवडे आपण पाठांतरालाच वाचन समजलो, चूक माझी, असं तिने सरळ लिहिलंय.

उठून पाणी प्यालो. मग पहिल्या पानापासून सगळा वाचला. चांगला आहे. फार चांगला आहे. तसाच अभिप्राय लिहून मॅडमकडे दिला.

अंकिताला फोन केला. सांगितलं, पूर्ण वाचला, आवडला. ती म्हणाली, "सर, खरंच वाचला व्हय तुमी?"

चिडली असती तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. तिला नुसतं नवल वाटलं होतं.