आत्या पठारावर मागे राहिली तो रविवार

बाबा, तुम्ही गेलात त्या वयाच्याही पुढे मी आता निघून आले आहे, म्हणून धीर करून लिहिते. सांगायचं आहे ते एका रविवारचं. मी अकरा वर्षांची होते. बोरिवलीला नदीच्या अंगाला आपलं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. आठवडाभर फोर्टातल्या कचेरीत वाकून नकाशे काढायचे आणि रविवारी चाळीतल्या बायकापोरांसकट सगळ्यांना डोंगरात न्यायचं, हा तुमचा क्रम. शेजारी हसायचे, "सुट्टीच्या दिवशी पाय दुखवून घ्यायचे, हे कसलं खूळ हो?" आणि पुढच्या रविवारी तेच डबे घेऊन आधी दारात हजर. नदीच्या काठाकाठाने खोऱ्यात शिरायचं, धोंड्यांवर पाय देत दोनदा पाणी ओलांडायचं, करवंदीच्या जाळ्यांतून चढायचं, की वर एकदम उघडं पठार. झाड नाही, घर नाही. गवत, काळा कातळ आणि वारा. सगळ्यात लहान मूल पुढे आणि त्याच्या पावलाने बाकीचे, असा तुमचा नियम होता. उतार लागण्याआधी आणि पाणी ओलांडण्याआधी माणसं मोजायची, हा दुसरा.

आत्या नेहमी यायची. तुमची धाकटी बहीण, लग्नाला तीन वर्षं होतायत तोवर नवरा तापाने गेला, तेव्हापासून आपल्याकडेच. सव्वीस वर्षांची असेल. तुम्ही तिला लाडाने बाय म्हणायचात, म्हणून सगळेच म्हणायचे, आणि घरात दिवसभर तेवढंच ऐकू यायचं. बाय, दूध बघ. बाय, बाळाला घे. बाय, कोण आलंय बघ गं दारात. आई वाईट नव्हती. घर लहान होतं आणि कामं संपत नव्हती. पण डोंगरात गेलं की आत्या निराळीच व्हायची. पदर खोचून धोंड्यांवरून माझ्याआधी उड्या मारायची, घसरली तर मोठ्याने हसायची. घरात ती तशी हसलेली मला आठवत नाही.

तो रविवार भाद्रपदातला, पितृपक्षातला. आई म्हणाली होती, "या दिवसांत डोंगरावर कशाला? पुढच्या महिन्यात जा की." तुम्ही म्हणालात, "आपलेच पितर ना? ते काय खातायत आपल्याला?" मग तीही निघाली. बारा जण झालो.

पठारावर गवत माझ्या छातीला लागतंय. कातळाच्या कडेने तेरडा फुललाय. चटणी-पोळी, शेंगदाण्याचे लाडू खाऊन झालेत, आणि तुम्ही उभे राहून पश्चिमेकडे बघताय. "ढग खाली उतरतोय. आवरा भराभर." मोजायचं काम त्या वर्षी नुकतंच माझ्याकडे आलंय. मोजत मोजत मी जाते तर आत्या सगळ्यांपासून लांब, एका कातळाच्या आड पाय पसरून बसलेली. मला म्हणते, "मला धर मोजणीत. मी येते मागून. जरा बसू दे गं." मी म्हणते, "बाबा रागावतील." ती म्हणते, "कळलं तर ना?" मी धावत तुमच्याकडे येते आणि सांगते, "बारा."

अर्ध्या उतारावरच ढगाने गाठलं. पुढच्या माणसाची पाठ दिसेना. नदीपाशी पोचलो तेव्हा तुम्ही स्वतः मोजलंत, पुन्हा मोजलंत, आणि विचारलंत, "बाय कुठाय?" मग माझ्याकडे वळलात. "वर नीट मोजलं होतंस?" मी हो म्हटलं. तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहिलंत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "मोजायचं काम माझं. पोरीवर टाकलं ती चूक माझी." शेजारच्या काकांना घेऊन तुम्ही उलटे चढायला लागलात. ती कातळाआड बसली आहे, एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं. मला वाटत होतं, आत्ता येईल ती वाटेवर, आणि दोघीही सुटू. मग तुमच्या हाका यायला लागल्या. "बाय! ए बाय, ओ दे गं!" धुक्यात आवाज कुठून येतो तेच कळत नव्हतं. एकदा वरून, एकदा पाण्यातून, एकदा अगदी माझ्या मागून. पाणी चढायला लागलं तेव्हा आईने आम्हाला घरी नेलं. तुम्ही अंधार पडल्यावर परत आलात. घसा पार गेला होता. आई विचारत होती आणि तुम्ही नुसती मान हलवत होतात.

सकाळी पलीकडच्या पाड्यावरची एक वारली बाई तिला दारापर्यंत घेऊन आली. आत्याच्या अंगावर त्या बाईचं लुगडं होतं, स्वतःची ओली साडी हातात पिळून धरलेली. "वाट चुकले," एवढंच ती म्हणाली. तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात आणि रडलात. मी तुम्हाला रडताना तेव्हाच पाहिलं. पण संध्याकाळच्या आत चाळीत बोलणं सुरू झालं होतं. आपल्याबरोबर लाडू खाल्लेली तीच माणसं. "रात्रभर एकटीच होती म्हणे?" "आणि लुगडं दुसऱ्याचं?" महिनाभराने आईच म्हणाली, "उद्या आपल्या मुलींची लग्नं व्हायचीत. तिला गावी तिच्या दिराकडे पाठवा." तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. तिसऱ्या दिवशी दिराला पत्र टाकलंत.

भाऊच्या धक्क्यावर तुम्ही तिची ट्रंक गावच्या बोटीवर चढवायला गेलात, तेव्हा तिने मला बाजूला घेतलं. हे तुम्हाला कधीच कळलं नाही, बाबा. ती म्हणाली, "दादाच्या हाका मला ऐकू येत होत्या. सगळ्या." मी म्हटलं, "मग ओ का नाही दिलीस?" ती बोटीकडे बघत म्हणाली, "आधी वाटलं, आणखी थोडं बसू. मग देववतच नव्हती गं ओ. हाका थांबल्या तेव्हा भ्याले, दिसेल त्या वाटेने उतरत सुटले. त्या बाईने चुलीपाशी जागा दिली, भाकर दिली. कोण, कुठली, काही विचारलं नाही." मग माझी हनुवटी धरून म्हणाली, "दादाला सांगू नकोस. हाक पोचली नाही असंच वाटू दे त्याला."

चार वर्षांनी ती तिकडेच वारली. तुम्ही पुन्हा डोंगरात पाऊल टाकलं नाहीत. कोणी विचारलं तर गुडघे दुखतात म्हणायचात, चाळिशीच्या आत. शेवटच्या आजारात एका दुपारी मी तुम्हाला पेज भरवत होते, आणि तुम्ही मध्येच थांबून विचारलंत, "वारा उलटा होता ना गं त्या दिवशी?" मी म्हटलं, "हो बाबा, उलटाच होता. हाक कशी पोचणार?" तुम्ही मान डोलावलीत आणि पुढचा घास घेतलात.

परवा नातवंडांच्या हट्टापायी त्या खोऱ्यात गेले होते. आता फाटकावर तिकीट काढावं लागतं. नदी बारीक झाली आहे, धोंडे तेच. पाणी ओलांडण्याआधी सवयीने मोजलं. आम्ही सात जण होतो, आणि मला आठ येत होते. तीनदा मोजलं. सुनेने विचारलं, "आई, काय बघताय मागे?" मी म्हटलं, चला, उशीर होतोय.

तुम्ही असतात तरी हे मी तुमच्या हाती दिलं नसतं. तिला शब्द दिला होता म्हणून नाही. तुम्ही पहिल्यांदा हेच विचारलं असतंत, की तू बारा का म्हणालीस. सगळ्यांना वाटलं, पोर आहे, गोंधळली. मी गोंधळले नव्हते. एका मोठ्या माणसाने मला आपलं गुपित दिलं होतं, आणि तुमच्याकडे धावत येताना मला फार आनंद झाला होता.