दुय्यम नट श्री. याम सेक-हिन यांना पडद्यावर वेळ मिळण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य चौकशी अधिकारी,
लाचलुचपत तपास कार्यालय,
कौलून.

अर्जदार : माक युक-सीम, वय ५३, धंदा चित्रपट संकलन, रा. तो क्वा वान, कौलून.

विषय : 'नऊ नंबरचा धक्का' या चित्रपटातील दुय्यम नट श्री. याम सेक-हिन यांचा वेळ कमी होत होत अखेर ते स्वतःच नाहीसे झाल्याबाबत, व आपण येत्या गुरुवारी सदर चित्रपट समक्ष पाहण्याबाबत.

संदर्भ : पोलीस चौकीत दिलेला माझा दि. २९ ऑक्टोबरचा अर्ज. (पोच मिळाली नाही. चौकीचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही, समक्ष सांगेन.)

महोदय,

मी खाली सही करणारी अर्जदार तरुणपणापासून चित्रपटांचे संकलन करते, म्हणजे चित्रीकरण झालेली फीत कापते आणि जोडते. धंद्यात मला सगळे सीमताई म्हणतात. सरकारदरबारी अर्ज करण्याची सवय नाही, सबब भाषेत चूकभूल असल्यास सांभाळून घ्यावे.

१. प्रथम धंद्यातील एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण पुढचा सर्व प्रकार तिच्यापासून सुरू झाला. आमच्याकडे चित्रपटाची लांबी थिएटरवाले ठरवतात. चित्रपट लांबला की दिवसाचा एक खेळ बुडतो. नायकनायिकेच्या वेळेला हात लावता येत नाही, लोक तिकीट त्यांच्यासाठी काढतात. उरला वेळ दुय्यम नटांत वाटायचा. भात एकाच भांड्यातला असतो. एकाच्या वाडग्यात घास जास्त पडला तर तो दुसऱ्याच्या वाडग्यातून आलेला असतो. हे वाढप माझ्याकडे असल्याने दुय्यम नट मला धरून असत. कोणी भाजलेले बदक आणी, कोणी संत्री. "सीमताई, माझा तो जिन्यावरचा तुकडा राहू द्या हं, आई बघायला येणार आहे." मी बदक खाई आणि निर्णय फीत बघून घेई. आपल्या कार्यालयाच्या नियमात ही लाच बसत असल्यास तेवढी नोंद करून घ्यावी.

२. सदर चित्रपटात दुय्यम भूमिका चार. पून मिउ-ची ही नायकाची बहीण. जाडे चाउ हे विनोदी हवालदार. याम सेक-हिन, ज्यांना लहानथोर सगळे याम काका म्हणतात, ते धक्क्यावरचे चहावाले. आणि सिट क्वोक-लोक हे खलनायकाचा उजवा हात. यांपैकी क्वोक-लोक हे नट नव्हेत. त्यांचे थोरले बंधू सिट क्वोक-पिंग यांचा पैसा चित्रपटात आहे. थोरल्यांचा मूळ धंदा कोणता, हे आपल्या कार्यालयाला माझ्याहून जास्त ठाऊक असावे. आमच्या भागात त्यांना पिंगदादा म्हणतात आणि ते रस्त्याने निघाले की भाजीवाले टोपल्या आत ओढतात.

३. सप्टेंबरात पिंगदादा चित्रपटाची पहिली जुळणी बघायला आले. सोबत निर्माते मा शेठ. दिवे लागल्यावर पिंगदादा अगदी हळू म्हणाले, "मा शेठ, त्या म्हाताऱ्याची किटली माझ्या भावापेक्षा जास्त वेळ दिसते."

मा शेठ हसले. पिंगदादा हसले नाहीत, तेव्हा मा शेठही थांबले.

"हात्तिच्या, किटलीच ना? सीमताई, काढून टाका ती किटली."

"किटली असू दे," पिंगदादा म्हणाले. "भाऊ घाल."

४. त्याप्रमाणे भाऊ घातला. पहिला वेळ मिउ-चीचा गेला. एरवी ही मुलगी एका तुकड्यासाठी माझ्याशी दोन दिवस अबोला धरायची. ती आली ती डोक्याला रुमाल बांधून. रुमाल सरकला तेव्हा दिसले की केस एका बाजूने पार कानापर्यंत कापलेले होते. नवीन फॅशन आहे, असे तिने न विचारता सांगितले. मग म्हणाली, "ताई, मला अजून कमी करा ना. पाठमोरी ठेवलीत तरी चालेल." त्या आठवड्यातच ती मावशीकडे व्हँकुव्हरला गेली.

त्यानंतर जाडे चाउ आले. हात रिकामे.

"सीमताई, माझं काढा. सगळं काढा. विनोद तर आधी काढा."

"अहो, पण झालं काय?"

"कुठं काय? पोरीच्या शाळेच्या फाटकाशी रोज एक माणूस उभा असतो. तिला पेरू देतो. पोरगी म्हणते, चांगले काका आहेत. नावानं हाक मारतात." एवढे बोलून ते हसले, आणि त्यांना हसताना बघून मला पहिल्यांदाच हसू आले नाही.

मी त्यांना काढले. वेळ वाढवून घेण्यासाठी माणसे दारात बसतात हे मला नवीन नव्हते. स्वतःला कापून घ्यायला येतात हे मी प्रथमच पाहिले.

५. याम काका आले नाहीत. म्हणून मीच फोन केला व प्रकार सांगितला. ते म्हणाले, "अगं सीम, पडद्यावर मला आजवर बुडवलंय, जाळलंय, गाडीखाली घातलंय. कात्रीला काय भिऊ? काप की! पण भिऊन कापू नकोस. भिऊन कापलेलं जुळत नाही, लोकांना ठेच लागते."

अडचण त्यांच्या एका प्रसंगाची होती. क्वोक-लोक चहाच्या गाडीशी येऊन धमकावतो. काका त्याला चहा ओततात आणि नुसते बघत राहतात. वेळ मोजला तर लोकचा चेहरा जास्त दिसत होता. तरीही पाहणाऱ्याला काकाच दिसत. काकांची नुसती पाठ ठेवून पाहिली, नुसता हात ठेवून पाहिला, तरी डोळे तिकडेच जात. शिवाय लोकने कॅमेरा चालू असताना आधी नजर खाली घातली होती. ते पटकथेत नव्हते. वेळेचे वाटप माझ्या हातात आहे, महोदय. लोकांनी कुणाकडे बघायचे ते माझ्या हातात नाही. हे मी पिंगदादांना सांगितले. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग पुन्हा शूटिंग करा. म्हातारा गुडघे टेकेल. मान खाली."

६. त्याप्रमाणे ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात क्वुन तोंगच्या धक्क्यावर भर दुपारी पुन्हा चित्रीकरण झाले. तुकडे जुळावेत म्हणून मीही हजर होते. याम काकांनी सांगितल्याबरोबर गुडघे टेकले. सांगितल्याबरोबर मान खाली घातली. मग चहा ओतला आणि मान वर करून लोककडे बघितले. दिग्दर्शकांनी पुन्हा घ्यायला लावले. काकांनी पुन्हा तेच केले. तिसऱ्या वेळी लोकने किटली उचलून त्यांच्या तोंडावर मारली. ते पटकथेत नव्हते. किटलीत पाणी गार होते एवढेच नशीब. भुवई फुटली. दिग्दर्शक "बास, बास" म्हणाले आणि सगळे खाली बघत सामान आवरू लागले.

मी काकांना रुमाल दिला. म्हटले, "काका, ठेवली असती मान खाली तर काय बिघडलं असतं?"

"ठेवणारच होतो मी," ते म्हणाले. "पण त्या पोराला कळेना मी कुणाला भितोय ते. दाखवायला नको का, की त्याला भीत नाही म्हणून?"

तेवढ्यात क्वोक-लोक आला. अगदी गोड बोलला. "काका, राग नका धरू. चला, सापाचं सूप पाजतो तुम्हाला." काका मला म्हणाले, "सूप मला आवडत नाही. पण नाही म्हणायची सोय दिसत नाही." आणि गेले.

त्यानंतर त्यांना कोणीही पाहिलेले नाही.

७. याम काकू चौकीत गेल्या. त्यांना सांगण्यात आले की म्हातारी माणसे मकाऊला जुगार खेळायला जातात, पैसे संपले की आपोआप घरी येतात. काकांनी आयुष्यात पत्ते हातात धरले ते फक्त पडद्यावर, आणि तिथेही ते हरत. काकू मला म्हणाल्या, "ह्यांच्या दाताची कवळी घरी आहे गं. कवळीशिवाय हे कुठं जातील?" शूटिंगला ते कवळी काढून जात, गाल बसलेले दिसावेत म्हणून.

दरम्यान मा शेठ यांचा हुकूम आला : याम यांना संपूर्ण काढावे, नामावलीतूनही. हुकूम सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मी धक्क्यावरची रिळे काढून बसले, आणि तेव्हा लक्षात आले की त्या दिवशी कॅमेरा बंदच केला गेला नव्हता. कॅमेरावाला तो तिवईवर तसाच ठेवून दिवे उतरवायला गेला असावा. आमच्याकडे शूटिंग मुके होते, आवाज मागाहून भरतात. म्हणून त्या तुकड्यात आवाज नाही. त्यात दिसते ते असे : क्वोक-लोक पुढे. काकांच्या दोन्ही कोपरांना धरून दोघे. आणखी एक जण टोपी घालून काकांच्या मागे, इतका लगटून की दिसूच नये. चौघे काकांना घेऊन कॅमेऱ्यासमोरून गाडीकडे जातात. कॅमेऱ्यापाशी येताच काका अर्धे पाऊल बाजूला सरकतात.

महोदय, हे अर्धे पाऊल आपल्याला साधे वाटेल. दुय्यम नटाला पहिल्या दिवसापासून हेच शिकवतात : मागच्याचा चेहरा झाकू नकोस, त्याला जागा दे. काकांनी जन्मभर नायकांना अशी जागा दिली. कॅमेरा चालू आहे, हे त्या धक्क्यावर फक्त त्यांना कळले होते. ते सरकले आणि मागच्या माणसाच्या तोंडावर ऊन पडले.

८. मी ज्या चौकीत अर्ज घेऊन गेले, तिथे टेबलामागे तोच माणूस बसला होता. गणवेशात.

माझा अर्ज तोवर त्याच्या हातात गेला होता. त्याने तो सावकाश वाचला. मग विचारले, "बाई, ही फीत आहे कुठे?" मी म्हटले, स्टुडिओत, माझ्या खोलीत. वास्तविक ती माझ्या पिशवीत जेवणाच्या डब्यात, मुळ्याच्या वड्यांखाली होती. तो म्हणाला, "जपून ठेवा." मी आभार मानून पिशवीसकट बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी माझी खोली रिकामी होती. धक्क्यावरच्या त्या दुपारचे एकही रीळ, एकही निगेटिव्ह जागेवर नाही. राखणदार म्हणाला, उंदरांचं औषध मारायला माणसं आली होती. दुपारी पिंगदादा स्वतः आले, माझ्याच खुर्चीवर बसले आणि माझ्या अर्जातले वाक्य मला तोंडपाठ म्हणून दाखवले : "'श्री. याम स्वखुशीने गेले नाहीत असे माझे नम्र मत आहे.' छान लिहिता हो, सीमताई. आता पिक्चर पुरा करा. आणि तेवढं मत कापून टाका."

परवा माझ्या दाराच्या कडीला पेरूंची पिशवी अडकवलेली होती.

९. मी चित्रपट पूर्ण केला आहे. सर्वांना पसंत पडला. क्वोक-लोक प्रत्येक रिळात आहेत. मा शेठ यांनी टाळ्या वाजवल्या, पिंगदादांनी भावाला मिठी मारली. मोंग कोक येथील थिएटरात गुरुवारी दि. १४ रोजी दुपारी पहिला खेळ आहे. बाल्कनी पिंगदादांनी घेतली आहे, पत्रकारही बोलावले आहेत. त्या थिएटरची प्रत रवाना होण्यापूर्वी अखेरची तपासणी माझ्याकडे होती. त्या एका प्रतीत मी कोणाचाही वेळ न कापता वरील तुकडा जोडला आहे. चित्रपट थोडा लांबला, खेळ बुडणार नाही.

हा तुकडा अर्जासोबत का जोडला नाही, असे आपण विचाराल. मागील अर्जासोबत जोडला असता तर आज तो नसता. टेबलावर ठेवलेली वस्तू गहाळ होते. भरलेल्या थिएटराने पाहिलेली गोष्ट गहाळ करणे कोणालाही जड जाते. हा अर्ज याम काकू आपल्याच हाती देतील. दुसऱ्या कोणी मागितल्यास भाजीची यादी म्हणून परत नेण्यास त्यांना सांगितले आहे.

तरी विनंती की, आपण सदर खेळास स्वतः यावे व सोबत आपल्या विश्वासाची माणसे आणावीत. तोवर कोणत्याही चौकीस, मा शेठ यांस अथवा थिएटरला फोन करू नये. याम काकूंना आपल्या कार्यालयातून एकटे बाहेर सोडू नये, त्यांना दम्याचा त्रास आहे, चालताना थांबावे लागते. आणि याम सेक-हिन यांचा शोध घ्यावा. ते जिवंत आहेत असे लिहिण्याचे धाडस होत नाही, आणि नाहीत असे लिहिण्याचा अधिकार मला नाही.

तिकीट सोबत जोडले आहे. शेजारची खुर्ची माझी आहे. मी दिवे मालवण्यापूर्वी येऊन बसेन. ती रिकामी राहिल्यास कृपया मला शोधायला उठू नये; चित्रपट पाहावा. याम काका पाचव्या रिळात येतात. सवयीने आपली नजर त्यांच्यावरच जाईल. ती तेथे ठेवू नये. ते बाजूला सरकतील, तेव्हा त्यांच्या मागे पाहावे.

आपली नम्र व हा अर्ज लिहीपर्यंत कामावर असलेली,

(सही)
माक युक-सीम

तो क्वा वान, दि. १२ नोव्हेंबर १९९१

सोबत :
१. तिकीट, एक.
२. श्री. याम सेक-हिन यांचे छायाचित्र. (चेहरा पूर्ण दिसेल असे दुसरे मिळाले नाही. उजवीकडचे नायक आहेत.)